एक्झॉन बाहेर, सेल्सफोर्स आत: २०२० मधल्या एका अदलाबदलीची चिरफाड

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, डाऊ जोन्स इंडस्ट्रियल ॲव्हरेज (थोडक्यात डाऊ) या अमेरिकी शेअर निर्देशांकातले तीन बदल जाहीर झाले. फायझरच्या जागी ॲमजेन, रेथिऑन टेक्नॉलॉजीजच्या जागी हनीवेल आणि एक्झॉन मोबिल या तेल कंपनीच्या जागी सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी. अंमल ३१ ऑगस्टपासून. पहिल्या दोन बदलांची चर्चा आठवडाभरात विरली. तिसऱ्याची अजून होते. एक्झॉन १९२८ पासून, म्हणजे ती स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी होती तेव्हापासून, या तीस कंपन्यांच्या यादीत होती. २०११ पर्यंत ती बाजारमूल्याने जगातली सर्वांत मोठी कंपनी होती, मग ॲपल पुढे गेली. आणि ही हकालपट्टी होण्याच्या पाचच दिवस आधी, १९ ऑगस्टला, त्याच ॲपलने दोन लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता.

त्यामुळे बातमीचा अर्थ लावायला कुणालाच कष्ट पडले नाहीत. तेलाचं युग संपलं, सॉफ्टवेअरचं सुरू झालं, आणि निर्देशांकाने त्यावर शिक्का मारला. तंत्रज्ञान कंपन्या एका दिशेला आणि जुन्या धाटणीच्या कंपन्या दुसऱ्या दिशेला जाताना पाहिल्या की आपण असंच म्हणून मोकळे होतो. हे प्रकरण निवडायचं कारण एवढंच की त्यात दोन्ही बाजूंची एकेक ठळक कंपनी आहे, तारीख नेमकी आहे आणि पुढच्या काही वर्षांचे आकडे हाताशी आहेत. म्हणजे त्या दिवशी बाजार नेमकं काय मानत होता आणि त्यातलं काय टिकलं, हे तपासता येतं.

बदलाचं खरं कारण

आधी एक गैरसमज दूर करू. एक्झॉन कमकुवत झाली होती हे खरं, पण डाऊची यादी ठरवणाऱ्या समितीला हलवलं ते ॲपलने. डाऊ हा भावावर चालणारा निर्देशांक आहे. तीस शेअरच्या भावांची बेरीज करायची आणि तिला एका ठरावीक भाजकाने भागायचं. कंपनी किती मोठी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, एका शेअरचा भाव किती एवढाच हिशोब. ॲपलचा शेअर तेव्हा ५०० डॉलरच्या घरात होता, म्हणून निर्देशांकात तिचं वजन सर्वांत जास्त. ॲपलने एकाचे चार शेअर करायचं ठरवलं, आणि विभाजनानंतर भाव सव्वाशेवर येणार होता. म्हणजे कंपनीत काडीचा बदल न होता डाऊतलं तंत्रज्ञान क्षेत्राचं वजन सुमारे २८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर घसरणार होतं. ही पोकळी भरायला जास्त भावाचा एखादा तंत्रज्ञान शेअर हवा होता.

मग बाहेर कोण जाणार? यादीत तेल कंपन्या दोन होत्या, एक्झॉन आणि शेव्हरॉन. ऑगस्ट २०२० मध्ये बाजारमूल्याने एक्झॉन अजूनही शेव्हरॉनपेक्षा मोठी होती. पण तिच्या शेअरची संख्या चार अब्जांच्या वर आणि भाव चाळिशीत. शेव्हरॉनचा भाव ऐंशीच्या पुढे. कमी भावाच्या शेअरने निर्देशांक हलत नाही, त्यामुळे तो ठेवून उपयोग नाही. जी घटना एका युगाचा अंत म्हणून छापली गेली, तिच्या मुळाशी इतकं कोरडं गणित होतं.

निर्देशांक हा बाजाराचा न्यायनिवाडा आहे असं समजून आपण फार मोठे निष्कर्ष काढतो. शिवाय डाऊच्या मागे जाणारा पैसा एस अँड पी ५०० या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या मानाने किरकोळ आहे, आणि एस अँड पीमध्ये एक्झॉन होतीच. यादीतून गेल्यामुळे तिच्यावर विक्रीचा लोंढा आला वगैरे काही नाही. भाव पडला होता तो आधीच, वेगळ्या कारणांनी.

त्या आठवड्यातले दोन भाव

३१ ऑगस्टला एक्झॉनचा शेअर ४० डॉलरच्या जरा खाली बंद झाला, सेल्सफोर्सचा २७२ डॉलरच्या आसपास. सेल्सफोर्सने २५ ऑगस्टला तिमाही निकाल दिले होते: उलाढाल ५.१५ अब्ज डॉलर, आदल्या वर्षापेक्षा २९ टक्के जास्त. दुसऱ्या दिवशी एकाच सत्रात शेअर २६ टक्के उसळला. म्हणजे निवड जाहीर झाली, मग भाव उसळला आणि मगच तो शेअर निर्देशांकात शिरला.

या भावाने सेल्सफोर्सचं बाजारमूल्य अडीचशे अब्ज डॉलरच्या जवळ गेलं, चालू वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या साधारण बारापट. नफ्याशी तुलना करण्यात अर्थच नव्हता, कारण जानेवारी २०२० ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा होता जेमतेम १२.६ कोटी डॉलर. एक्झॉनचं बाजारमूल्य १७० अब्जांच्या आसपास. तिने २०१९ मध्ये, जे तेलासाठी मुळीच चांगलं वर्ष नव्हतं, १४ अब्जांहून जास्त नफा कमावला होता. वर्षाला ३.४८ डॉलर लाभांश, म्हणजे ४० च्या भावावर जवळजवळ पावणेनऊ टक्के. बाजार जेव्हा इतक्या मोठ्या कंपनीच्या लाभांशाला एवढा परतावा देतो, तेव्हा तो सांगत असतो की हा लाभांश टिकणार नाही.

आणि ही शंका अवाजवी नव्हती. २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. तेल घेऊन जायला विकणारा पैसे देत होता. त्या वर्षी एक्झॉनच्या व्यवसायातून १५ अब्ज डॉलरही रोकड आली नाही, आणि नुसत्या लाभांशालाच तेवढे लागत होते. भांडवली खर्च कापूनही २१ अब्ज झाला. फरक कर्जातून भरला गेला. वर्षाअखेर कर्ज ६७ अब्जांच्या वर आणि तोटा २२.४ अब्ज. ज्यांनी २०२० मध्ये एक्झॉन विकली त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्यासमोर हा ताळेबंद आकार घेत होता.

दरी कशाने रुंदावली

तीन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या, आणि बाजाराने त्या वेगळ्या केल्या नाहीत. हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली, टाळेबंदी. विमानं उभी, गाड्या उभ्या, आणि विक्री करणारी माणसं घरून काम करू लागली. ग्राहकांची सगळी माहिती इंटरनेटवर ठेवणारं सॉफ्टवेअर त्या काळात गरजेचं झालं. हे उघड आहे, आणि तात्पुरतं होतं हेही. त्यावर फार वेळ घालवत नाही.

दुसरी गोष्ट व्याजदर. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर पाऊण टक्क्याच्या आत परतावा मिळत होता. याचा शेअरच्या भावावर काय परिणाम होतो ते एका गणिताने पाहू. वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरची आजची किंमत वार्षिक ६ टक्के दराने काढली तर येते सुमारे ३१ डॉलर, आणि ९ टक्क्यांनी काढली तर सुमारे १८. जवळजवळ निम्मी. तेच १०० डॉलर तीन वर्षांनी मिळणार असतील तर ६ टक्क्यांनी ८४ आणि ९ टक्क्यांनी ७७, फरक किरकोळ. सेल्सफोर्ससारख्या कंपनीचा मोठा नफा दूरच्या भविष्यात आहे असं गृहीत धरलेलं असतं, एक्झॉनचा नफा (किंवा तोटा) याच वर्षी दिसतो. व्याजदर शून्याला टेकले की दूरचा पैसा महाग होतो आणि जवळचा पैसा कुणाला नकोसा होतो. कंपनीने काहीही केलं नाही तरी भाव दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. २०२० मध्ये ज्याला तंत्रज्ञानाचा विजय म्हटलं गेलं त्याचा मोठा हिस्सा असा, व्याजदराच्या खात्यातला होता. किती मोठा, हे तेव्हा कुणी वेगळं काढून दाखवलं असतं तर बऱ्याच जणांचे पैसे वाचले असते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं: पैसा कुठे गाडला गेला. एक्झॉनने २०१० मध्ये एक्सटीओ एनर्जी ही नैसर्गिक वायूची कंपनी कर्जासकट सुमारे ४१ अब्ज डॉलरला घेतली. त्यानंतर अमेरिकेत वायूचा इतका सुकाळ झाला की भाव पडले ते पडलेच. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीने वायूच्या मालमत्तेची किंमत १९ अब्जांहून जास्त कमी करून दाखवली. त्या वर्षीच्या तोट्याचा मोठा भाग हाच. तरीही कंपनीचे प्रमुख डॅरेन वुड्स यांच्या काळात कंपनीचा बेत वर्षाला ३० अब्ज आणि त्याहून जास्त भांडवली खर्च करत राहण्याचा होता, तोही इतर तेल कंपन्या हात आखडता घेत असताना. म्हणजे गुंतवणूकदार तेलावर जितके नाराज होते त्याहून जास्त व्यवस्थापनाच्या उधळेपणावर होते. हे लक्षात घेतलं तर जुन्या कंपनीच्या पडलेल्या भावात दोन वेगळे आरोप दडलेले दिसतात: धंदा मरतोय हा एक, आणि धंदा मेला नसला तरी हे लोक पैसे वाया घालवतील हा दुसरा. पहिला खरा असेल तर काही करता येत नाही. दुसरा असेल तर तो दुरुस्त होतो.

मग काय झालं

एक्झॉनने हात आखडला, स्वखुशीने म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पुढच्या वर्षांचा भांडवली खर्च २० ते २५ अब्जांवर आणला. २०२१ मध्ये प्रत्यक्षात तो १७ अब्जांच्याही आत राहिला. २६ मे २०२१ च्या सर्वसाधारण सभेत इंजिन नंबर वन या चिमुकल्या गुंतवणूक संस्थेने, जिच्याकडे कंपनीचे फक्त ०.०२ टक्के शेअर होते, मोठ्या निधी व्यवस्थापकांच्या साथीने आपले उमेदवार संचालक मंडळावर निवडून आणले. मोजणी संपली तेव्हा तिघे झाले होते. त्यांची भाषा हवामानबदलाची होती, पण मतं देणाऱ्यांच्या मनात भांडवलाच्या परताव्याचा हिशोबही तितकाच होता. गयानाच्या समुद्रातलं तेलक्षेत्र मात्र कंपनीने सोडलं नाही. तिथे डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं होतं, आणि कमी खर्चात निघणारं ते तेल पुढे कामाला आलं.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या हाताबाहेर घडत होती. सगळ्यांनीच एकदम खर्च थांबवला होता. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत तेलासाठी चालू असलेल्या विहीर-खोदाई यंत्रांची संख्या १७२ वर आली. मार्चमध्ये ती सातशेच्या जवळ होती. भांडवल एखाद्या धंद्यातून पळून जातं तेव्हा त्या धंद्याचं भविष्य अंधारलेलं दिसतं, पण त्याच पळण्याने पुरवठा आटतो आणि जे उरतात त्यांना भाव मिळतो. मागणी परतली तेव्हा तेल कमी पडू लागलं. मग २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि तेल १२० डॉलरच्या वर गेलं. युद्धाचा अंदाज कुणाला नव्हता, पण टंचाई त्याआधीच तयार होती. एक्झॉनने २०२२ मध्ये ५५.७ अब्ज डॉलर नफा कमावला, तोवरचा तिचा विक्रम. कर्ज ४१ अब्जांच्या आसपास उतरलं.

त्याच वर्षी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर शून्याजवळून ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेले. दूरच्या पैशाचं वरचं गणित आता उलट दिशेने चाललं.

२०२२ संपताना एक्झॉनचा शेअर ११० डॉलरवर होता, सेल्सफोर्सचा १३३ च्या आत. अदलाबदलीच्या दिवसापासून मोजलं तर एक जवळजवळ पावणेतीनपट झाला होता, लाभांश वेगळा. दुसरा निम्म्याहून खाली. डाऊचा भाजक तेव्हा ०.१५ च्या आसपास होता, म्हणजे एका शेअरमधली एक डॉलरची घसरण निर्देशांकाला साडेसहा अंक खाली ओढते. एकट्या सेल्सफोर्सने या काळात डाऊचे सुमारे ९०० अंक खाल्ले.

इथे सेल्सफोर्सवर अन्याय होऊ नये. तिचा धंदा कोसळला नव्हता. जानेवारी २०२१ ला संपलेल्या वर्षात २१ अब्ज असलेली उलाढाल जानेवारी २०२३ पर्यंत ३१ अब्जांवर गेली, जवळजवळ दीडपट. पण उलाढालीच्या बारापट असलेला भाव चौपटीजवळ आला. कंपनी वाढली आणि भागधारकाचे पैसे निम्मे झाले, दोन्ही एकाच वेळी खरं. मधल्या काळात तिने २७.७ अब्ज डॉलरला स्लॅक ही कार्यालयीन संदेशांच्या ॲपची कंपनी विकत घेतली. आता ही किंमत आणि एक्सटीओची किंमत शेजारी ठेवून पाहा. स्वतःचा शेअर चढ्या भावाला असताना तो चलनासारखा वापरून मोठी खरेदी करायची, हा मोह क्षेत्र पाहून येत नाही.

या प्रकरणातून काय काढू नये

बाहेर फेकलेला शेअर घ्या आणि आत आलेला विका, असा नियम करण्याचा मोह होतो, आणि पुरावाही सापडतो. १ नोव्हेंबर १९९९ ला मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल डाऊत आल्या तेव्हा बाहेर गेलेल्यांत शेव्हरॉन होती. त्याच्या वर्षभर आधी तेल दहा-बारा डॉलरला विकलं जात होतं. २००८ च्या फेब्रुवारीत शेव्हरॉन परत आली, आणि त्याच जुलैत तेल १४७ डॉलरपर्यंत जाऊन पडलं. हनीवेल २००८ ला गेली, २०२० ला परतली. इंटेलला नोव्हेंबर २०२४ मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीने बाहेर काढलं.

पण १९९९ च्या त्याच यादीत सिअर्सही होती, आणि तिने पुढे दिवाळखोरी जाहीर केली. जून २०१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक गेली, वॉलग्रीन्स आली. जनरल इलेक्ट्रिक तीन तुकडे होऊन सावरली. वॉलग्रीन्स सहा वर्षांच्या आत स्वतःच बाहेर पडली, तिच्या जागी ॲमेझॉन आली. म्हणजे नियम नाहीच. सिअर्सचा ग्राहक कायमचा गेला होता. एक्झॉनचा ग्राहक काही महिने घरी बसला होता. भावाच्या आलेखावर दोन्ही घसरणी सारख्याच दिसतात; फरक कळायला विकलेल्या मालाचं प्रमाण पाहावं लागतं, पैशातली उलाढाल नव्हे. किती पिंपं, किती ग्राहक, किती फेऱ्या. भाव पडूनही प्रमाण टिकत असेल तर ते चक्र आहे. भाव टिकूनही प्रमाण गळत असेल तर तो खरा ऱ्हास.

आणि ज्यांनी २०२२ चे आकडे पाहून जुन्या कंपन्यांचे दिवस परतल्याचं जाहीर केलं, त्यांचीही वर्षभरात पंचाईत झाली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. २०२३ मध्ये एनव्हिडियाचा शेअर तिपटीहून जास्त वाढला, एस अँड पीमधलं तंत्रज्ञान क्षेत्र पन्नास टक्क्यांहून जास्त वर गेलं आणि ऊर्जा क्षेत्र लाल रंगात राहिलं. दरी पुन्हा उघडली, तीही व्याजदर चढे असताना. म्हणजे या वेळी व्याजदराचं कारण चालत नाही. चिपच्या मागणीतून नफा प्रत्यक्ष येत होता. दरी तीच, पण आतलं यंत्र वेगळं. ज्यांनी २०२० चं स्पष्टीकरण २०२३ ला जसंच्या तसं लावलं ते एनव्हिडियाला फुगा म्हणत बसले.

सेल्सफोर्सचं पुढचं वळण

२०२२ च्या ऑगस्टमध्ये सेल्सफोर्सने पहिल्यांदा स्वतःचे शेअर परत विकत घ्यायचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांत स्टारबोर्ड आणि इलियट हे आक्रमक गुंतवणूकदार तिच्या दारात उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये दहा टक्के नोकरकपात झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने इतिहासातला पहिला लाभांश जाहीर केला, तिमाहीला ४० सेंट. बाहेरून दबाव, खर्चाला कात्री, भागधारकांना रोकड: एक्झॉनवर जे औषध चाललं तेच इथे. उलाढालीची वाढ २९ टक्क्यांवरून जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ९ टक्क्यांच्या आसपास आली, आणि अशा वाढीला बाजार वेगळा भाव देतो. मे २०२४ मध्ये निकाल थोडे कमी पडले तर ३० तारखेला शेअर एका दिवसात २० टक्क्यांच्या जवळपास आपटला.

२०२५ मध्ये त्यावर नवी शंका आली. या कंपनीचा धंदा माणशी परवान्यावर उभा आहे. जितके विक्री कर्मचारी, तितके परवाने. ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस करू लागले तर परवाने कमी लागतील का? कंपनी स्वतःच एजंटफोर्स नावाचे असे मदतनीस विकते आहे, आणि त्यांचे पैसे डोकी मोजून न घेता कामावर आकारायचे प्रयोगही तिने केले. शेअर मात्र त्या वर्षी घसरला, तंत्रज्ञान क्षेत्र एकूण चढत असताना. आता तपासायची गोष्ट तीच, जी २०२० मध्ये एक्झॉनबाबत तपासायला हवी होती: मोठ्या ग्राहकांकडचे परवाने नूतनीकरणाच्या वेळी प्रत्यक्षात घटताहेत की फक्त नवे कमी होताहेत. आणि परवाना सोडणारा ग्राहक एजंटफोर्सकडे वळतो की कंपनीच सोडून जातो, हेही त्याच वेळी पाहावं लागेल.